हरणाऱ्याची मतं

आणीबाणीबद्दल आपल्या पिढीला दोन-तीन गोष्टी नक्की माहीत असतात. अलाहाबादचा निकाल, जेपींची रामलीला मैदानावरची सभा, मध्यरात्रीच्या अटका, सेन्सॉरशिप. सगळी चर्चा फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते : इंदिरा गांधींनी असं का केलं?

मला मात्र गेले काही वीकेंड दुसराच प्रश्न छळतोय. बाकीचे काय करत होते?

घटनाक्रम बघा. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी जाहीरनाम्यावर सही केली. जेपी आणि मोरारजी उजाडायच्या आत ताब्यात होते. आणि हे सगळं उरकल्यावर, २६ जूनच्या सकाळी सहा वाजता, केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झाली. म्हणजे देशातला सगळ्यात मोठा निर्णय मंत्र्यांना घ्यायचा नव्हता, तो झाल्याचं ऐकायचं होतं. त्या मंत्रिमंडळात जगजीवनराम होते, यशवंतराव चव्हाण होते, स्वर्णसिंग होते. सगळी आयुष्यभर राजकारणात मुरलेली माणसं. त्यातले अनेक जण इंग्रजांच्या तुरुंगात जाऊन आलेले. त्या बैठकीबद्दल जे लिहिलं गेलंय त्यात एकच गोष्ट ठळकपणे येते : स्वर्णसिंगांनी एक प्रश्न विचारला. बस्स, एक प्रश्न. राजीनामा कोणाचाच नाही.

ही माणसं भित्री होती असं म्हणून विषय संपवता येतो. पण मग एक गोष्ट जुळत नाही. याच पक्षातली माणसं पंधरा-वीस वर्षांपूर्वी नेहरूंच्या तोंडावर नाही म्हणत होती. माणसं तीच, पक्ष तोच (निदान नाव तरी तेच). मग मधल्या काळात असं काय बदललं?

आधीचा काळ जरा बघू.

जानेवारी १९५९. नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन. सहकारी शेतीचा ठराव खुद्द नेहरूंच्या मनातला. चरणसिंगांनी भर अधिवेशनात उभं राहून त्याला विरोध केला. ठराव मंजूर झाला, पण त्यांना कोणी पक्षाबाहेर काढलं नाही.

१९५६. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या धोरणावरून अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत पंतप्रधानांच्या कार्यपद्धतीवरच बोट ठेवलं. १९५७-५८ चं मुंदडा प्रकरण : लोकसभेत ते लावून धरणारा खासदार काँग्रेसचाच, फिरोज गांधी, म्हणजे पंतप्रधानांचा जावई. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं.

आणि १९६२. चीन युद्धात मार खाल्ल्यावर नेहरूंना कृष्ण मेनन यांना मंत्रिमंडळातून काढायचं नव्हतं. पण काँग्रेसचे खासदारच इरेला पेटले आणि नेहरूंना ऐकावं लागलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. पण सह्याद्रीला धावायला जागा रिकामी झाली ती पक्षाने आपल्याच नेत्याचं मनगट पिरगाळलं म्हणून, हे मात्र कोणी सांगत नाही.

आता इथे कोणी म्हणेल, म्हणजे तेव्हा सगळं आलबेल होतं का? अजिबात नाही. १९३९ मध्ये सुभाषबाबू गांधीजींच्या उमेदवाराला, पट्टाभी सीतारामय्यांना, दोनशेहून अधिक मतांनी हरवून अध्यक्ष झाले आणि काही महिन्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागेल अशी कोंडी करण्यात आली. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरकार पक्षाला विचारत नाही म्हणून अध्यक्ष कृपलानींनी पद सोडलं. १९५० मध्ये अध्यक्षपदासाठी तिरंगी लढत झाली : पुरुषोत्तमदास टंडन १३०६, कृपलानी १०९२ आणि आपले शंकरराव देव २०२. टंडन जिंकले, पण नेहरूंशी पटेना. वर्षभरात टंडन गेले आणि १९५१ मध्ये नेहरू स्वतःच अध्यक्ष झाले. पंतप्रधान आणि पक्षाध्यक्ष एकच. नेहरूंनी १९५४ नंतर ते पद परत दुसऱ्याकडे दिलं. पण हे करता येतं, एवढं सगळ्यांनी बघून ठेवलं.

तरीही एक फरक आहे आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. त्या काळात हरणाऱ्याला किती मतं मिळाली हे आपल्याला आकड्यात सांगता येतं. २०२ तर २०२. कोणीतरी मतपत्रिका छापल्या, कोणीतरी मोजल्या, कोणीतरी हरलं. आणि हरल्यावरही राजकारणात राहिलं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण १९ जानेवारी १९६६. शास्त्रीजी ताश्कंदला गेले त्यानंतर आठच दिवसांनी काँग्रेसच्या खासदारांनी गुप्त मतदानाने पंतप्रधान निवडला. इंदिरा गांधी ३५५, मोरारजी देसाई १६९. विचार करा, देशाचा पंतप्रधान कोण हे खासदारांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं! आणि हरलेले मोरारजी? १९६७ मध्ये ते उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री झाले. हरणं म्हणजे संपणं नव्हतं.

पुढच्या नऊ वर्षांत हे सगळं कसं गेलं?

गंमत अशी की ते एका रात्रीत गेलं नाही. प्रत्येक पायरीला एक चांगलं, पटण्यासारखं कारण होतं. मला ही गोष्ट सगळ्यात भीतिदायक वाटते.

पहिली पायरी, १९६९. मागच्या निवडणुकीत पक्षाला मोठा फटका बसला होता : लोकसभेत ५२० पैकी २८३ जागा, अनेक राज्यं हातातून गेलेली. कामराज स्वतःच्या गावात एका विद्यार्थी नेत्याकडून हरले. दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना जॉर्ज फर्नांडिसांनी आडवं केलं. म्हणजे ज्यांना सिंडिकेट म्हणायचे ते पक्ष चालवणारे दादा लोक मतदारांनीच नाकारलेले. तरीही पंतप्रधानाने काय करायचं ते आपण ठरवणार हा त्यांचा खाक्या कायम होता. इंदिराबाईंची चिडचिड समजण्यासारखी आहे. सिंडिकेट म्हणजे काही लोकशाहीचे पुजारी नव्हते. बंद खोलीत सौदे करणारी मंडळी होती.

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले. जुलैमध्ये बंगळूरला पक्षाच्या संसदीय मंडळाने संजीव रेड्डींना उमेदवार ठरवलं, इंदिराबाईंच्या विरोधाला न जुमानता. (यशवंतरावांनी तेव्हा रेड्डींच्या बाजूने मत दिलं, हे लक्षात ठेवा.) त्यानंतर आठवडाभरात मोरारजींचं अर्थखातं गेलं आणि १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. मग आलं ते सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मतदान करण्याचं आवाहन. म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार एक आणि पक्षाच्या पंतप्रधानांची माणसं मत देणार दुसऱ्याला. व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर जिंकले : ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. तिसऱ्या क्रमांकावर होते तेच, १९५६ मध्ये राजीनामा देणारे चिंतामणराव देशमुख.

१२ नोव्हेंबरला अध्यक्ष निजलिंगप्पा यांच्या कार्यकारिणीने पंतप्रधानांनाच पक्षातून काढलं. पण महासमितीच्या ७०५ पैकी ४४६ सदस्य इंदिराबाईंनी बोलावलेल्या बैठकीला आले. त्यांच्याकडे बहुमत होतं यात वादच नाही. सद्सद्विवेकबुद्धीचं मत ऐकायलाही किती छान वाटतं! पण त्यातून एक धडा सगळे शिकले. पक्षाच्या संस्थेने काय ठरवलं याला किंमत नाही, नेत्याने काय ठरवलं याला आहे.

दुसरी पायरी, १९७१. आपल्याला पक्षफुटीची नाट्यमय गोष्ट आठवते, पण माझ्या मते खरं काम केलं ते एका कोरड्या वाटणाऱ्या निर्णयाने. तोपर्यंत लोकसभा आणि विधानसभा निवडणुका साधारण बरोबरच व्हायच्या. खासदार निवडून यायचा तो राज्यातल्या नेत्याच्या यंत्रणेवर. मुख्यमंत्री, जिल्ह्याचे पुढारी, साखर कारखाने, झेडपी, बाजार समित्या... मतं गोळा करायचे ते हे लोक. म्हणून दिल्लीला त्यांची गरज होती, आणि गरज होती म्हणून त्यांचं ऐकावं लागायचं. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा एक वर्ष आधीच बरखास्त झाली आणि १९७१ ची निवडणूक बहुतेक राज्यांत स्वतंत्रपणे झाली. मुद्दा एकच : गरिबी हटाव. चेहरा एकच. जागा ५१८ पैकी ३५२.

आता सांगा, राज्यातल्या पुढाऱ्याने मतं आणली म्हणून खासदार निवडून आला, की इंदिराबाईंच्या नावावर पुढारी निवडून आला? बाण उलटा फिरला. आपल्या भाषेत सांगायचं तर डिपेंडन्सी उलटी झाली. पूर्वी वरचा मजला खालच्यावर उभा होता, आता खालचा मजला वरून टांगलेला.

हे मतदारांनीच केलं, आणि अगदी लोकशाही मार्गाने केलं, यातच खरी गोम आहे. पक्षातली लोकशाही मेली ती देशातली लोकशाही जोरात असताना. नेता थेट जनतेशी बोलायला लागला की मधल्या माणसांची गरज संपते. आणि मधली माणसं (कितीही भ्रष्ट, कितीही सरंजामी असली तरी) हाच नेत्याला अडवणारा एकमेव ब्रेक होता.

तिसरी पायरी म्हणजे मुख्यमंत्री. राजस्थानात मोहनलाल सुखाडिया १९५४ पासून होते, १९७१ मध्ये गेले. आंध्रात ब्रह्मानंद रेड्डी १९६४ पासून, तेही १९७१ मध्ये गेले. आपल्याकडे वसंतराव नाईक १९६३ पासून होते. १९७२ मध्ये विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा पक्षाला मिळवून दिलेला माणूस, तोही फेब्रुवारी १९७५ मध्ये गेला आणि शंकरराव चव्हाण आले. यात कोण चांगला, कोण वाईट हा मुद्दा नाही. मुद्दा असा की मुख्यमंत्रिपदाची मुळं आमदारांत न राहता दिल्लीत गेली. 'पक्षश्रेष्ठी' आणि 'हायकमांड' हे शब्द आपल्या पेपरांत इतके मुरले ते याच काळात. आमदारांची बैठक व्हायची ती एका ओळीचा ठराव करायला : नेता निवडीचे सर्वाधिकार श्रेष्ठींना. तोही एकमताने!

चौथी पायरी पैशाची. १९६९ मध्ये कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर बंदी आली. हेतू उत्तम. पण त्याला पर्याय म्हणून सरकारी निधी वगैरे काही आलं नाही आणि निवडणुकीचा खर्च काही कमी झाला नाही. पैसा चेकने यायचा तो रोखीने यायला लागला. रोख पैशाला हिशेब नसतो. आणि परमिट-लायसन्सच्या त्या जमान्यात उद्योगपतीला काम असायचं दिल्लीशी, त्यामुळे पैसाही तिथेच जमायला लागला. तिकीट दिल्लीहून, पैसाही दिल्लीहून. मग जिल्ह्याच्या पुढाऱ्याकडे स्वतःचं असं उरलं काय?

पाचवी पायरी सगळ्यात शांत. १९७२ नंतर पक्षांतर्गत निवडणुका झाल्याच नाहीत. बंद करतोय अशी घोषणा नाही, ठराव नाही. आज नको, पुढच्या वर्षी बघू, सध्या परिस्थिती नाजूक आहे... करता करता वीस वर्षं गेली! पुढच्या संघटनात्मक निवडणुका थेट १९९२ मध्ये, नरसिंह राव अध्यक्ष असताना. आपल्याकडे कंपनीत एखादा रिव्ह्यू 'या रिलीजपुरता' वगळला जातो आणि मग तो कधीच परत येत नाही, तसंच काहीसं.

या पाच पायऱ्या चढून (की उतरून?) आपण परत २६ जून १९७५ च्या सकाळी येऊ. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाने स्वतःला काय विचारलं असेल? मी नाही म्हटलं तर माझ्या मागे कोण आहे? आमदार माझे नाहीत, ते श्रेष्ठींचे. पैसा माझा नाही. मतं माझी नाहीत, ती त्यांच्या चेहऱ्याला पडलेली. कार्यकारिणीत दाद मागू? ती नेमलेली. महासमितीत मत मागू? मोजणार कोण?

शिवाय ताजी उदाहरणं समोर होती. यशवंतरावांनी १९६९ मध्ये विरोधात मत दिलं, १९७० मध्ये त्यांचं गृहखातं गेलं आणि पंतप्रधानांनी ते स्वतःकडे घेतलं. पुण्याचे खासदार मोहन धारिया राज्यमंत्री होते. जेपींशी बोलणी करा एवढंच ते म्हणाले, तर मार्च १९७५ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर. आणि आणीबाणी लागल्यावर अटक झालेल्यांत फक्त विरोधी पक्षाचे लोक नव्हते : पक्षाच्या कार्यकारिणीचे सदस्य चंद्रशेखर आणि संसदीय पक्षाचे सरचिटणीस रामधन हेही आत गेले. म्हणजे स्वतःच्याच पक्षाच्या सरकारने, स्वतःच्याच पक्षाचे पदाधिकारी, मिसाखाली.

ज्यांनी प्रश्न विचारला त्या स्वर्णसिंगांचं संरक्षण खातं वर्ष संपायच्या आत बन्सीलाल यांच्याकडे गेलं. पण पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९७६ मध्ये घटना बदलण्यासाठी जी समिती नेमली गेली, जिच्यातून ४२ वी घटनादुरुस्ती आली, तिचे अध्यक्ष हेच स्वर्णसिंग. आणि जुलै १९७५ मध्ये आणीबाणीला मंजुरी देणारा ठराव लोकसभेत मांडला जगजीवनराम यांनी, ज्यांनी फेब्रुवारी १९७७ मध्ये, निवडणूक जाहीर झाल्यावर, पक्ष सोडला. अध्यक्ष देवकांत बरुआ तर इंदिरा म्हणजेच इंडिया असं म्हणून मोकळे झाले होते. कुठलंही पद नसलेले संजय गांधी मुख्यमंत्र्यांना कामं सांगत होते आणि मुख्यमंत्री ती करत होते. शाह आयोगाच्या आकड्यांनुसार त्या एकवीस महिन्यांत मिसा आणि डीआयआर मिळून १,१०,८०६ माणसं तुरुंगात टाकली गेली.

आणि सगळ्यात मोठी किंमत? ती पक्षालाच मोजावी लागली. उत्तरेत नसबंदीने लोक किती पेटलेत हे वर कळवणारं कोणी उरलंच नव्हतं. जिल्ह्याचा पुढारी वाईट बातमी वर कळवतो तेव्हा त्याला स्वतःचं स्थान असावं लागतं. स्थान वरून मिळालेलं असेल तर तो गोड बातमीच कळवणार. १९७७ मध्ये पक्ष ५४२ पैकी १५४ वर आला आणि खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. माहिती चुकीची, मग निर्णय चुकीचे. ज्या यंत्रणेत एरर मेसेज दाखवायला बंदी आहे ती यंत्रणा बिघडली नाही असं वाटत राहतं, बंद पडेपर्यंत.

इतकं झाल्यावर तरी पक्ष बदलला असेल? उलट. जानेवारी १९७८ मध्ये पुन्हा फूट पडली आणि नव्या पक्षाच्या नावापुढे कंसात एक अक्षर आलं : आय. म्हणजे इंदिरा. इतके दिवस जे होतं ते आता नावातच लिहिलं, एवढंच. १९८० मध्ये सत्ता परत आली. त्यानंतर महाराष्ट्राने आठ वर्षांत किती मुख्यमंत्री पाहिले मोजा : अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव, शरद पवार. आंध्रात १९७८ ते १९८३ मध्ये चार झाले, आणि त्या अपमानाच्या रागावर स्वार होऊन एन. टी. रामारावांचा तेलुगू देसम वर्षभराच्या आत सत्तेत आला.

यशवंतराव १९७८ मध्ये दुसऱ्या बाजूला राहिले होते. १९८० नंतर त्यांनी परत यायचं ठरवलं, तर त्यांना काही महिने दाराबाहेर ताटकळत ठेवून १९८१ मध्ये आत घेतलं. ज्या माणसाला १९६२ मध्ये देशाने हाक मारून बोलावलं, त्याची एकोणीस वर्षांनी ही अवस्था. मला हे वाचताना खरंच वाईट वाटलं. त्यांच्या चुका असतील, कुंपणावर बसल्याचा आरोप असेल, पण ताटकळणारा माणूस यशवंतराव होता म्हणून आपल्याला कळलं तरी. असे किती तालुका-जिल्ह्याचे कार्यकर्ते ताटकळले असतील, ते कोण मोजणार?

आता हे वाचून दुसऱ्या पक्षाचे समर्थक खुशीत आले असतील तर जरा थांबा :-) भाजपमध्ये १९८० पासून राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी मतमोजणी झाल्याचं कोणाला आठवत नाही, सगळे बिनविरोध. शिवसेनेच्या घटनेत अंतर्गत निवडणुकांची तरतूद १९९९ मध्ये आली ती निवडणूक आयोगाच्या आग्रहामुळे, आणि फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयात आयोगाने २०१८ च्या बदलांवर लोकशाहीला धरून नसल्याचा ठपका ठेवला. प्रादेशिक पक्षांबद्दल तर बोलायलाच नको, पक्ष कोणाचा हे आडनावावरून कळतं. त्यातून १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा. आयाराम-गयाराम थांबवायला आणला, हेतू पुन्हा उत्तमच! पण व्हिपविरुद्ध मत दिलं की खासदारकी जाणार. म्हणजे १९६२ मध्ये खासदारांनी नेहरूंवर जो दबाव आणला त्याची धारच बोथट झाली. आणि ज्या पक्षांनी देश चालवायचा त्यांनी स्वतःच्या घरात निवडणुका घेतल्याच पाहिजेत, असा दात असलेला कायदा आपल्याकडे नाही.

काँग्रेसमध्ये नंतर निवडणुका झाल्याच नाहीत असंही नाही. १९९७ : सीताराम केसरी ६२२४, शरद पवार ८८२, राजेश पायलट ३५४. २००० : सोनिया गांधी ७४४८, जितेंद्र प्रसाद ९४. २०२२ : मल्लिकार्जुन खर्गे ७८९७, शशी थरूर १०७२. थरूर यांना पुढच्या वर्षी कार्यकारिणीत घेतलं, ही चांगली गोष्ट. पण हे आकडे १९५० च्या १३०६-१०९२ शेजारी ठेवून बघा. निवडणूक होणं आणि निकाल आधी माहीत नसणं यात फरक आहे.

म्हणून कुठल्याही पक्षाबद्दल मत बनवताना मी हल्ली एक साधी टेस्ट लावतो. त्याच्या घटनेत काय लिहिलंय ते वाचत बसत नाही, घोषणाही ऐकत नाही. फक्त दोन प्रश्न. शेवटच्या निवडणुकीत हरणाऱ्याला किती मतं मिळाली? आणि तो हरणारा आज कुठे आहे?

पहिल्याचं उत्तर आकड्यात देता येत नसेल, किंवा दुसऱ्याचं उत्तर 'पक्षाबाहेर' असेल, तर त्या पक्षात पहाटे सहाची बैठक कधीही होऊ शकते. आणि तेव्हाही खोलीतली माणसं वाईट नसतील. फक्त नाही म्हणायला लागणारी जमीन त्यांच्या पायाखाली नसेल. ती एकेक इंच करत, चांगल्या चांगल्या कारणांसाठी, आधीच देऊन झालेली असेल.